आप्पांनी कांदा मागितला

आमच्या घरची चूल मी अवघे दोन दिवस बंद ठेवली होती. तेवढ्यात गावाने माझ्या वडिलांची मयत उरकायला घेतली. वडील त्यानंतर बारा वर्षं जगले.

हे सांगताना आजही माझे कान गरम होतात. दोष कुणाचा म्हणाल तर माझा, सगळा माझाच. (हे वाक्य आमच्या मंडळींनी माझ्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलंय, की आता ते न अडखळता येतं.)

गोष्ट इंग्रजांच्या अमदानीतली. शहाद्याच्या अलीकडे, तापीकाठी आमचं गाव. मी गावातल्याच शाळेत मास्तर होतो. लोक मला 'गुरजी' म्हणत आणि मी ते खरं मानत असे. घरात आम्ही तिघं: मी, मंडळी (म्हणजे बायको) आणि माझे वडील, म्हणजे आप्पा. थोरली बहीण सखू ब्राह्मणपुरीला दिलेली. आई आदल्या वर्षीच गेली होती.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता आप्पांना हिवतापाने धरलं. कोयनेलच्या गोळ्यांनी ताप गेला, पण जाताना आप्पांच्या अंगातली ताकदही बरोबर घेऊन गेला. कापसाचं गाठोडं एका दमात गाडीवर टाकणारा माणूस, पाण्याचा तांब्या उचलायला दोन हात लावू लागला. आईचं असंच झालं होतं. ताप उतरला, आम्ही हुश्श केलं, आणि महिन्याभरात ती गेली. त्यामुळे आप्पांनी तांब्याला दोन हात लावले, की मला आई आठवायची. मला आप्पा हवे होते, बस्स. त्यापायी मी काय वाटेल ते करायला तयार होतो, आणि शेवटी वाटेल तेच केलं.

वैद्यबुवा आले. नाडी बघितली, जीभ बघितली, आणि म्हणाले, सकाळी दुधात भाकर कुस्करून द्या, दुपारी मऊ भात, मुगाचं वरण, वर चमचाभर तूप आणि एखादी पालेभाजी. संध्याकाळी हलकं काहीतरी. मधे एखादं केळं. पोटाला झेपेल तेवढंच, पण रोज आणि वेळेवर. दोन महिन्यांत औताला जातील.

माझी घोर निराशा झाली. हे तर रोजचंच जेवण! हेच सांगायचं तर वैद्य कशाला, आमच्या शेजारची तापीकाकीसुद्धा सांगेल. (तिने आधीच सांगितलं होतं.) एवढा मोठा आजार आणि औषध काय, तर वरण-भात? ज्या उपायाला नाव नाही, पोथी नाही, ज्याने घरात कुणाची गैरसोय होत नाही, त्याने गुण येतो यावर माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाचा विश्वास बसेना.

त्याच आठवड्यात शाळेच्या कामाने मला नवापूरला जावं लागलं. परतीच्या गाडीत समोर एक गृहस्थ बसले होते, सुरतेकडून आलेले. अंगाने सडसडीत, गालांवर लाली. त्यांनी रुमाल सोडला, त्यातून मोड आलेले मूग काढले आणि एकेक मूग अशा भक्तीने चावू लागले, की बघणाऱ्याला आपल्या दातांची लाज वाटावी. मग त्यांनी मला विचारलं, "आपण शिजवलेलं खाता?" आपण चोऱ्या करता का, असं विचारावं तसा त्यांचा सूर होता. मी खाली मान घालून हो म्हणालो.

नंदुरबार येईपर्यंत त्यांनी मला पार धुऊन काढलं. विस्तवाने अन्न मरतं. मेलेलं अन्न खाणारा माणूस अर्धा मेलेलाच. रोग कुठला? चुलीतला! त्यांच्याकडे या विषयावरची एक छोटी पुस्तिका होती, ती त्यांनी मला भेट दिली. त्यांची तब्येत खणखणीत होती यात वादच नाही. पण त्यांना हिवताप आलेला नव्हता, त्यांना नांगर धरायचा नव्हता आणि त्यांचे सगळे दात शाबूत होते. हे तीन मुद्दे माझ्या ध्यानात यायला पुढे दोन दिवस लागले.

घरी पोचल्या पोचल्या मी जाहीर करून टाकलं, की उद्यापासून आपल्या घरी चूल पेटणार नाही.

मंडळी भाकर थापत होत्या. त्यांचा हात तसाच राहिला. म्हणाल्या, "चूल बंद? कोन मरनं?"

त्यांचं विचारणं रास्तच होतं. आमच्याकडे घरची चूल एकाच कारणाने थंड राहते, ते म्हणजे घरात मयत झाली तर. मग त्या घरी भावकीतले लोक पिठलं-भाकर आणून घालतात. सकाळी कुणाच्या धाब्याच्या छपरातून धूर निघाला नाही, तर शेजारीण आधी कानोसा घेते आणि मग डोळ्याला पदर लावते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पुस्तिका हातात आली, की आपल्या गावची रीत माणसाला दिसेनाशी होते. मी मंडळींना विस्तवाचे दुष्परिणाम पाठ म्हणून दाखवले. त्यांनी ते सगळे ऐकून घेतले आणि मग एवढंच विचारलं, की हे आप्पांना कुणी विचारलं का.

आप्पांना विचारलं. ते बाजेवर पडून होते. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "शिकेल पोऱ्या शे. करू दे त्याले."

मला केवढं भरून आलं! अडाणी म्हणवणारा माझा बाप, पण शिकलेल्या पोराच्या नव्या विचाराला किती पटकन तयार झाला. त्या रात्री आप्पांनी ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकर आणि ठेचा मागून घेतला आणि शेवटचा घास बराच वेळ तोंडात घोळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांपुढे पहिलं ताट आलं. भिजवलेले भुईमुगाचे दाणे, मोड आलेले मूग, भिजवलेली ज्वारी, मेथीची जुडी, आणि मधोमध एक कच्चं गिलकं, म्हणजे घोसाळं, उभं चिरलेलं. आप्पांनी ताटाकडे बघितलं, मग गोठ्यातल्या म्हशीकडे बघितलं. म्हैस ताटाकडेच बघत होती.

पुस्तिकेत लिहिलं होतं, की प्रत्येक घास बत्तीस वेळा चावावा, कारण दात बत्तीस. आता आप्पांच्या तोंडात उरले होते चार, आणि तेही समोरासमोर नव्हते. मी समजूत घातली, की चावणं भावनेने करायचं असतं. मी बाजूला बसून मोजू लागलो. सतरापर्यंत आलो, की आप्पांच्या तोंडातला दाणा चुकून गिळला जाई किंवा चुकून बाहेर पडे, आणि मी पुन्हा एकपासून सुरू करी. गिलक्याच्या एका फोडीचे बत्तीस पुरे व्हायला पाऊण तास लागला. शेवटी आप्पा म्हणाले, आता चावण्यानेच थकलो, जरा पडतो. मी वहीत लिहून ठेवलं: 'रोग्यास शांत झोप लागू लागली.'

मंडळींनी माझ्याबरोबर त्यातलंच खाल्लं.  संध्याकाळी त्या थंड चुलीतली राख उगाच चिवडत बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे ओले होते. मी विचारलं तर म्हणाल्या, धूर गेला. चूल दिवसभर बंद होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

दुसरा दिवस पुस्तिकेप्रमाणे शुद्धीचा होता. रोग्याच्या पोटावर काळ्या मातीचा लेप, वरून ओल्या पांढऱ्या चादरीची डोक्यापासून पायापर्यंत घट्ट गुंडाळी, डोळ्यांवर ओलं फडकं, आणि खोली अंधारी. रोग्याशी कुणी बोलायचं नाही. शुश्रूषा करणाऱ्यानेही सूर्यास्तापर्यंत मौन पाळायचं, आणि स्वतःच्या डोक्यावर आणि नाकाखाली मातीचा पातळ लेप लावायचा, म्हणजे रोग्याला धीर येतो. आता केसांवरून लेप कसा बसणार? म्हणून मी उजाडताच भिका न्हाव्याकडे गेलो आणि खुणेने सांगितलं, सगळं उतरव.

भिकाने वस्तरा हातात घेतला आणि मला विचारलं, काय झालं? मी मौनात होतो. मी नुसते हात जोडले. त्याने डोकं केलं, मग मिशीपाशी थांबला आणि बोटाने विचारलं, हीसुद्धा? मी मान हलवली. आता आपल्याकडे डोकं आणि मिशी एकाच दिवशी कशासाठी काढतात, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. गुरजीलाच तेवढं आठवलं नाही. भिकाचा वस्तरा निसटला आणि माझ्या ओठावर एक चरा उठला. त्याने त्या दिवशी वस्तरा धुतला, पेटी मिटली आणि दुकान बंद करून तडक दामूकाकांच्या घरचा रस्ता धरला. दामूकाका आप्पांचे चुलतभाऊ, भावकीत वडील माणूस, आणि आप्पांचा लहानपणापासूनचा जोडीदार.

मी इकडे घरी येऊन आप्पांना लेप दिला, चादरीत गुंडाळलं, दार ओढून घेतलं आणि मंडळींना पाटीवर लिहून दिलं, की दुपारपर्यंत आत जायचं नाही. मग टाळक्यावर माती थापून शाळेत गेलो.

मागे काय झालं, ते मला नंतर कळलं. तापीकाकी म्हशीला चारा टाकायला परसात आली. आमच्या घरावर काल धूर नव्हता, आजही नव्हता. तिने थोराच्या काटेरी कुंपणावरून वाकून खिडकीच्या फटीतून आत बघितलं. आत आप्पा नाकासमोर सरळ निजलेले, अंगावर पांढरं, तोंडावर पांढरं, हालचाल नाही. काकीच्या हातातली पेंढी खाली पडली. तेवढ्यात रस्त्यावरून भिका न्हाव्याची बातमी आली. दोन आणि दोन चार झाले. ब्राह्मणपुरीकडे निघालेल्या एका गाडीवानाला निरोप दिला गेला, की सखूला म्हणावं, असशील तशी निघ.

शाळेत मी वर्गात शिरलो तर पोरं एकदम उभी राहिली आणि बसेचनात. आमचे हेडमास्तर आले. त्यांनी माझ्या डोक्याकडे, मिशीच्या जागेकडे आणि मातीकडे बघितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुम्ही आज यायला नको होतं, असल्या वेळी कर्तव्य बाजूला ठेवावं. मला गहिवरून आलं. माझ्या प्रयोगाची कदर करणारा या गावात कुणीतरी निघाला! मी हात जोडले. त्यांनी शाळा सोडून दिली. पोरं फाटकापर्यंत मान खाली घालून गेली आणि फाटकाबाहेर पडताच नदीकडे पळाली.

घरी येतो तर ओट्यावर वीस-पंचवीस माणसं, पागोटी काढून, माना खाली घालून बसलेली. मध्ये दामूकाका. मला पाहून सगळे सरकले आणि मला जागा करून दिली. खरं सांगतो, मला त्या क्षणी एकच वाटलं, की गाव शुद्धीचा विधी बघायला आलंय. एका दिवसात एवढा प्रचार! मी हात जोडून त्यांच्यात बसलो. ते बोलत नव्हते, मी बोलणार नव्हतो. सगळ्या पंचक्रोशीत इतक्या रीतीने कुणी सुतकात बसलं नसेल.

बऱ्याच वेळाने दामूकाका माझ्याकडे सरकले. हळूच म्हणाले, "भाऊ, लाकडं मन्हा खळामां शेतस. गाडी जुपू का?"

आमच्या घरात आता लाकडाचं काय काम? विस्तवाशी आमचा संबंध संपला होता. मी ठामपणे मान हलवली, नको. दामूकाका माझ्याकडे बघतच राहिले. ओट्यावर कुजबुज झाली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, शिकलेले लोक, आता पुरणार की काय? दामूकाकांनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं आणि म्हणाले, सखू आल्याशिवाय तसंही उचलायचं नाही, थांबू या. काय उचलायचं, ते मला कळेना. मला वाटलं, आप्पांची बाज.

इतकी माणसं ओट्यावर बसलेली, आणि मी मात्र मनात मोजत होतो, की यातले किती जण उद्यापासून गिलकं खातील. माझ्या मूर्खपणाला त्या दिवशी तळ नव्हता.

त्याच वेळी मागच्या दाराने तापीकाकी आत आली होती. मयत उचलल्याशिवाय घरात घास घेत नाहीत, हे त्या म्हातारीला माहीत नव्हतं का? पण दोन दिवस धूर नाही म्हणजे सून दोन दिवस उपाशी, एवढंच तिला कळत होतं. रीत मोडली तरी चालेल, पण लेक मरायला नको, असा विचार करून तिने टोपलीत गरम भाकरी आणि लसणाची फोडणी दिलेलं पिठलं झाकून आणलं होतं. तिने मंडळींना मिठीत घेतलं आणि रडू लागली. मंडळींना दोन दिवस रडायचंच होतं, त्यांनीही रडून घेतलं. मग काकी टोपली पुढे सरकवून म्हणाली, "दोन घास खाई ले, माय. मी कोनले सांगत नही." आणि डोळे पुशीत निघून गेली.

मंडळींना तिथेच सगळा उलगडा झाला. धूर, डोकं, ओट्यावरची माणसं, टोपली. त्या उठल्या. मला सांगायला उठल्या, असं त्या म्हणतात. पण मधल्या खोलीचं दार मध्ये होतं, टोपली हातात होती आणि आतून आप्पांनी बारीक आवाजात विचारलं, कसला वास येतोय. सून कितीही आज्ञाधारक असली, तरी तिलाही मर्यादा असतात. त्या दार उघडून आत गेल्या.

बाहेर ओट्यावर आम्हा सगळ्यांच्या नाकात लसणाच्या फोडणीचा वास शिरला. वीस-पंचवीस माना एकदम वर झाल्या. मयताच्या घरातून फोडणीचा वास! दामूकाकांच्या कपाळाला आठी पडली. आणि तेवढ्यात आतून, चांगल्या खणखणीत आवाजात, प्रश्न आला.

"कांदा शे का?"

तो आवाज चाळीस वर्षं गावाने शेताच्या बांधावरून ऐकलेला होता.  भिका न्हावी, जो या सगळ्याचा साक्षीदार होता, तो ओट्यावरून उडी मारून जो पळाला, तो थेट मारुतीच्या देवळात. बाकीचे मात्र दामूकाकांच्या मागोमाग आत घुसले. मी सर्वांत शेवटी.

आत आप्पा बाजेवर ताठ बसलेले. खांद्यावर ओली चादर, पोटावरचा लेप ओघळलेला, मांडीवर टोपली. ते भाकरीचा पापुद्रा सोलून पिठल्यात बुडवत होते आणि चारही दात जोरात कामाला लागले होते. सगळा गाव बघतोय, याचं त्यांना काही नव्हतं. त्यांनी मान वर केली आणि दामूकाकांना विचारलं, "हाई पिठलं कोनी बनाडं? मीठ बराबर शे."

दामूकाका बाजेच्या पायथ्याशी बसले. आधी हसू लागले, मग तोंडावर पागोटं दाबून लहान मुलासारखे रडले. त्यांचा जोडीदार गेला म्हणून सकाळपासून त्यांनी डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं, भावकीत वडील म्हणून. आता तो समोर बसून पिठलं चाटत होता, तेव्हा त्यांना रडायला मोकळीक मिळाली. मलाही रडू आलं, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आणि नेमकी त्याच वेळी ब्राह्मणपुरीची गाडी आली. आमच्याकडे लेक बापाच्या मयतीला वेशीपासून रडत येते. सखू वेशीपासून रडत आली, रस्ताभर रडत आली, आणि उंबऱ्यावर पदर तोंडाला लावून, डोळे मिटून, तिने गळा काढला. "माले सोडीसन कोठे गया रे, मन्हा बाप..."

"आठेच शे," आप्पा घास गिळत म्हणाले. "पानी दे."

सखूने डोळे उघडले. तिचा गळा अर्ध्यावर थांबला. तिने बापाकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं, मग माझ्या डोक्याकडे. आणि थांबलेला गळा तिने पुन्हा काढला, पण आता तो माझ्या नावाने होता. त्यात माझा जन्म, माझं शिक्षण, माझं टक्कल असं सगळं क्रमाने आलं. माझं मौन तिथेच मोडलं. मी 'अगं, पण' एवढंच म्हणालो आणि तिने मला पुन्हा मौनात घातलं.

कुणीतरी धावत जाऊन वैद्यबुवांना घेऊन आलं. त्यांनी नाडी बघितली, टोपलीत डोकावले आणि विचारलं, किती भाकरी? तीन, असं कळल्यावर त्यांनी टोपली आप्पांच्या मांडीवरून उचलली. आप्पांचा चेहरा खरंच मयतासारखा झाला.

"दोन दिवस उपाशी ठेवायचं आणि मग तीन भाकरी पोटात लोटायच्या. दोन्ही एकाच शहाणपणाची पिल्लं," वैद्यबुवा म्हणाले. "संध्याकाळी नुसती पेज. उद्यापासून मी सांगितलं होतं, तेच."

मी अजून थोडा शिल्लक होतो. मी म्हणालो, पण मोड आलेल्या मुगात काही सत्त्व नसतं का? वैद्यबुवांना माझी दया आली असावी. ते म्हणाले, "आहे ना. मूग खा, काकडी खा, केळं खा. कोण नको म्हणतंय? आणि चुलीवरचंही खा. दात असतील त्याने चावून खा, नसतील त्याला शिजवून द्या. जेवणाशी माणसाने भांडू नये, गुरुजी. रोज भेटायचं असतं त्याला."

लोक पांगले. जाताना जाणती माणसं म्हणत होती, की मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, चांगलंच झालं. मंडळींनी लगेच चूल पेटवली. धूर बाहेर पडताना पाहून तापीकाकीने कुंपणाजवळ येऊन दोन्ही हात कपाळाला लावले. मी मंडळींना जरा रागानेच विचारलं, की तुला सगळं कळलं होतं, मग बाहेर येऊन का नाही सांगितलंस? त्या फुंकणीने जाळ नीट करत म्हणाल्या, "सांगनार व्हतू. पन कोनी मरावाशिवाय ह्या घरमां भाकर येत नही, तं येऊ द्या म्हनं." मी एक लाकूड उचलून त्यांच्या हातात दिलं.

त्यानंतर वैद्यबुवांनी सांगितलं तेच सुरू झालं. दूध-भाकर, वरण-भात, मेथीची भाजी, एखादं केळं. त्यात एकही चमत्कार नव्हता. पंधरा दिवसांत आप्पा एका हाताने तांब्या उचलू लागले. दिवाळी उलटून महिना झाला नाही, तोच एके दिवशी ते मला न सांगता शेतावर जाऊन आले.

त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही ओट्यावर बसलो होतो. माझ्या डोक्यावर आता पुन्हा केस आले होते. कधीचं मनात होतं, ते मी विचारलं. म्हटलं, आप्पा, तुम्हाला ते गिलकं कसं लागलं असेल, ते मला कळतंय. तुम्ही एका शब्दाने नको म्हटलं असतंत, तर मी थांबलो असतो. का नाही म्हणालात?

आप्पा तंबाखू मळत होते. मळून झाल्यावर म्हणाले, "तुन्ही माय गयी तवय तू चार दिन जेवना नही. मी पडनू तं तुन्हं तोंड पुन्हा तसंच व्हई गयं. माले वाटनं, पोऱ्या भ्यायेल शे. खाई लेऊ दोन दिन, त्याना जीव थारे पडी."

मी उठून कंदील लावला.  मग हळूहळू उजेड पडला, की ज्या घरात मी वही घेऊन रोग्याची प्रकृती टिपत होतो, त्या घरात रोगी मीच होतो. भीतीचा आजार माझा, आणि कच्चं गिलकं बत्तीस वेळा चावलं ते आप्पांनी, चार दातांनी!